आर्ट नूव्हो काळातील चांदीचे दागिने : बर्मिंगहॅम, फोर्त्सहाइम, पॅरिस, नेवार्क की कोपनहेगन?

चांदीचा दागिना घेताना आपल्याकडे आधी वजन विचारले जाते आणि मग घडणावळ. १८९० ते १९१० या सुमारास युरोप आणि अमेरिकेत घडलेल्या आर्ट नूव्हो शैलीच्या चांदीच्या दागिन्यांना हा हिशेब लागू पडत नाही. त्यांतली चांदी बहुतेक वेळा पातळ पत्र्याची आणि जेमतेम काही ग्रॅम असते, आणि मोडीत घातली तर तिचे मोल नगण्य ठरते. किंमत असते ती रेखनाची, मीनाकामाची, कोणत्या गावातल्या कोणत्या कारखान्याने तो नग घडवला याची आणि शंभर वर्षांनंतर तो किती शाबूत उरला आहे याची. म्हणून असा पहिला किंवा दुसरा दागिना घेऊ पाहणाऱ्या, आणि तो कपाटात न ठेवता अंगावर घालू इच्छिणाऱ्या वाचकासाठी या काळातील प्रमुख पाच ठिकाणांची तुलना येथे केली आहे.

या शैलीला नाव मिळाले ते झीगफ्रीड बिंग या व्यापाऱ्याने डिसेंबर १८९५ मध्ये पॅरिसला उघडलेल्या दालनावरून. जर्मनीत तिला म्युनिकच्या ‘युगेंड’ या १८९६ मध्ये सुरू झालेल्या नियतकालिकावरून ‘युगेंडस्टील’ म्हणू लागले, तर इटलीत लंडनच्या एका दुकानावरून चक्क ‘लिबर्टी’ हेच नाव रूढ झाले. नावे वेगळी असली तरी मूळ भूमिका एकच होती : दागिन्याचे मोल हिऱ्याच्या आकारावर ठरू नये, ते कल्पनेवर आणि हातोटीवर ठरावे. रने लालिक या फ्रेंच दागिनेकाराने सोन्याच्या जोडीला जनावराचे शिंग आणि काच वापरून ही भूमिका पॅरिसमध्ये धनिकांच्या गळी उतरवली, आणि तिच्याच आधाराने चांदी, अकीक, ओबडधोबड आकाराचे मोती आणि मीना यांना मध्यमवर्गीयांच्या दागिन्यांत मानाचे स्थान मिळाले. लालिकचे उत्तम काम पाहायचे असेल तर ते लिस्बनच्या गुल्बेंकियन संग्रहालयात आहे. बाजारात आपल्याला परवडेल असे जे मिळते ते मुख्यतः कारखान्यांच्या गावांतून आलेले असते, आणि त्यात कमीपणा वाटण्याचे काही कारण नाही.

बर्मिंगहॅम आणि हॅलिफॅक्स

ब्रिटिश दागिन्यांपासून सुरुवात करण्याचे कारण सौंदर्य नाही, पुरावा आहे. ब्रिटिश हॉलमार्क हा या पाचही ठिकाणांतला सर्वात बोलका शिक्का होय. चालणारा सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी. नांगर म्हणजे बर्मिंगहॅमचे तपासणी कार्यालय. गव्हाच्या तीन पेंढ्या आणि तलवार म्हणजे चेस्टरचे. शिवाय दरवर्षी बदलणारे एक अक्षर आणि कारखानदाराची आद्याक्षरे. बर्मिंगहॅमच्या कार्यालयाने १९०० साली नवी अक्षरमाला सुरू केली, त्यामुळे नांगराशेजारी छोट्या लिपीतले ‘ए’ दिसले तर तो नग १९००-०१ चा, ‘बी’ दिसले तर त्यापुढच्या वर्षाचा. अक्षराची लिपी आणि त्याभोवतीच्या चौकटीचा आकार मात्र तक्त्याशी ताडून पाहावा लागतो, कारण तेच अक्षर वेगवेगळ्या फेऱ्यांत पुन्हा येते. दागिना नेमका कोणत्या वर्षी तपासला गेला हे सराफाच्या भिंगातून एवढ्या खात्रीने कळणे ही सोय पाचांपैकी दुसऱ्या कोठेही याच तोडीने मिळत नाही.

ब्रिटिश दागिन्यांत सर्वात मोठे नाव लिबर्टीचे. आर्थर लेझनबी लिबर्टी यांनी १८७५ मध्ये लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर दुकान काढले तेव्हा त्याला ‘ईस्ट इंडिया हाउस’ असे नाव दिले होते आणि तेथे भारत, इराण, जपान येथील रेशीम आणि कलावस्तू विकल्या जात. त्याच दुकानाने १८९९ मध्ये ‘किमरिक’ नावाची चांदीच्या वस्तूंची मालिका बाजारात आणली आणि ती घडवण्यासाठी बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. एच. हॅसलर यांच्या कारखान्याशी भागीदारी केली. आइल ऑफ मॅन बेटावरचा आर्चिबाल्ड नॉक्स (१८६४–१९३३) हा या मालिकेचा सर्वात प्रतिभावान रेखनकार. त्याच्या बेटावरच्या जुन्या केल्टिक (ब्रिटिश बेटांवरील प्राचीन केल्ट लोकांच्या) शिलांवर दिसणारी गुंफण त्याने चांदीत उतरवली. एकच पट्टी स्वतःवरून फिरत, खालून-वरून जात शेवटी जिथून निघाली तिथे येऊन मिळते, आणि मधल्या पोकळीत निळ्यातून हिरव्यात विरघळणारा मीना भरलेला असतो. याच मालिकेसाठी रेखने करणाऱ्या जेसी एम. किंग हिची पक्षी-फुलांची रेखने अधिक नाजूक आणि गोड आहेत.

मात्र लिबर्टी आपल्या रेखनकारांची नावे जाहीर करीत नसे. त्यामुळे ‘नॉक्सचे रेखन’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या नगाच्या किमतीत त्या नावाचा मोठा वाटा असतो आणि पुष्कळदा विक्रेत्यापाशी त्याला अंदाजापलीकडे आधार नसतो. नग लिबर्टीचा आहे हे शिक्क्यावरून सिद्ध होते. तो नॉक्सचा आहे हे सिद्ध करायला प्रकाशित मूळ रेखन किंवा संग्रहालयातील तंतोतंत जुळणारा नमुना दाखवता आला पाहिजे. तो नसेल तर नॉक्सच्या नावाचे जादा पैसे देऊ नयेत, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

याउलट यॉर्कशायरमधील हॅलिफॅक्सच्या चार्ल्स हॉर्नर या कारखान्याचे काम. संस्थापक १८९६ मध्ये वारला आणि त्याच्या मुलांनी धंदा वाढवला. पोलादाचा गाभा चांदीच्या दोन थरांत बसवलेले ‘डॉर्कस’ अंगुस्तान (शिवताना बोटावर घालायची टोपी) हे याच घराण्याचे, त्यावरून त्यांची यंत्रकामावरची पकड लक्षात यावी. त्यांनी चांदीची पेंडंटे, ब्रोच आणि टोपीच्या लांब पिना मोठ्या संख्येने काढल्या : केल्टिक गाठी, काटेफूल, पंख पसरलेला इजिप्शियन भुंगा आणि जवळजवळ सर्वांवर निळा-हिरवा मीना. हे काम नॉक्सच्या तोडीचे नाही. रेषा सोप्या आहेत आणि एकाच ठशातून अनेक नग निघाले आहेत. पण प्रमाण चांगले आहे, मीना स्वच्छ आहे, आणि पाठीवर अगदी बारीक अक्षरांत कारखान्याची आद्याक्षरे, सिंह, चेस्टरची ढाल आणि वर्षाक्षर ओळीने उमटलेले असते. लिबर्टीच्या सहीच्या नगापेक्षा हॉर्नरचा नग कितीतरी स्वस्त मिळतो. तडा गेलेल्या मीन्याचे लिबर्टी आणि निर्दोष मीन्याचे हॉर्नर यांत निवड करायची वेळ आली, तर मी हॉर्नर निवडायला सांगेन, मग विक्रेता लिबर्टीवर कितीही सूट देवो.

फोर्त्सहाइम

दक्षिण जर्मनीतील फोर्त्सहाइमला आजही ‘सोन्याचे शहर’ म्हणतात, पण आपल्या विषयापुरते ते चांदीचे शहर आहे. येथील थिओडोर फार्नर (१८५९–१९१९) याने एक नवी वाट काढली. स्वतःच्या कारखान्यातल्या कारागिरांवर न विसंबता त्याने जवळच्या डार्मश्टाट येथील कलावंत-वसाहतीतून रेखने विकत घेतली. ही वसाहत हेसेचा ग्रँड ड्यूक एर्न्स्ट लुडविग याने १८९९ मध्ये वसवली होती आणि तिच्यात योझेफ मारिया ओल्ब्रिखसारखे वास्तुकार काम करीत होते. लिबर्टीच्या उलट, फार्नरने काही कलावंतांच्या खुणाही आपल्या शिक्क्याशेजारी उमटू दिल्या. त्यामुळे या दागिन्यांत रेखनकाराचे नाव सिद्ध करणे कधी कधी खरोखर शक्य होते.

याच वसाहतीतल्या पात्रिट्स हूबरचा एक लहान ब्रोच जवळून पाहण्यासारखा असतो. अवघ्या दोन-तीन सेंटिमीटरच्या आडव्या चांदीच्या तुकड्यावर दोन वळसे समोरासमोर येतात आणि मध्ये हिरव्या अकीकाचा गोल खडा साध्या कोंदणात बसतो. वळशांच्या कडा उजळ आणि गुळगुळीत असतात, पण त्यांमधली जमीन मुद्दाम खरखरीत ठेवून काळी केलेली असते, जेणेकरून रेषा उठून दिसावी. पाठीवर गोलातली फार्नरची आद्याक्षरे, हूबरची आद्याक्षरे आणि ९३५ हा आकडा. फुले नाहीत, केस सोडलेली स्त्री नाही, नाजूकपणाचा सोस नाही. केवळ दोन रेषांमधला ताण आहे. हा मुलगा १८७८ मध्ये जन्मला आणि १९०२ मध्ये, पंचविशीही न गाठता गेला, त्यामुळे त्याचे सारे काम तीन-चार वर्षांत सामावलेले आहे. या संपूर्ण काळातले माझ्या सर्वाधिक आवडीचे चांदीकाम विचाराल तर मी याच्याकडे बोट दाखवीन.

जर्मन शिक्क्याची मर्यादा अशी की तो वर्ष सांगत नाही. १८८८ पासून भांडीकुंडी आणि मोठ्या चांदीच्या वस्तूंवर चंद्रकोर आणि मुकुट ही साम्राज्याची खूण आली, पण दागिन्यांवर बहुधा केवळ कस दाखवणारा आकडा असतो. निर्यातीच्या मालावर ९०० आणि ९३५ हे आकडे वारंवार आढळतात, आणि सोबत ‘देपोझे’, म्हणजे रेखनाची नोंदणी झाली आहे, असा फ्रेंच शब्दही असतो. हा शब्द पाहून दागिना फ्रेंच समजण्याची चूक काही विक्रेते करतात आणि त्यानुसार किंमत लावतात. फार्नरचा कारखाना संस्थापकाच्या मृत्यूनंतर गुस्टाव्ह ब्रेंडले याच्याकडे गेला आणि पुढे १९७९ पर्यंत चालला, म्हणून केवळ फार्नरचा शिक्का पाहून नग १९०० च्या सुमाराचा ठरवता येत नाही. १९२० नंतरचे मार्कासाइट (धातूसारखे चमकणारे बारीक खडे) आणि मीन्याचे भौमितिक दागिने त्याच घराण्याचे, पण वेगळ्या शैलीचे आहेत.

फोर्त्सहाइमचा माल लंडनला विकणारी मर्ल बेनेट ही पेढी १८८४ मध्ये स्थापन झाली. तिचा संस्थापक मूळचा फोर्त्सहाइमचाच होता. पहिल्या महायुद्धाने हा व्यापार संपवला. या पेढीचे दागिने ठोकल्याच्या खुणा राखलेल्या पत्र्याचे, लहान रिव्हेटसारखे उंचवटे असलेले, नीलमणी किंवा फिरोजाच्या खड्यांचे असतात. ब्रिटिश वळणाची आवड आणि जर्मन रेखन असे दोन्ही हवे असणाऱ्याने येथे शोध घ्यावा. बिनसहीचे फोर्त्सहाइम दागिने, म्हणजे केवळ ८०० किंवा ९०० असा आकडा आणि एखादी अनोळखी खूण असलेले, आजही त्यांच्या दर्जाच्या मानाने स्वस्त मिळतात, आणि नजर तयार असलेल्या ग्राहकाला पाचही ठिकाणांत सर्वाधिक लाभ येथेच आहे.

पॅरिस

ज्या प्रतिमेमुळे लोक या शैलीच्या प्रेमात पडतात, ती वाऱ्यावर केस उडणारी स्त्री, चतुर हा कीटक, आयरिसचे फूल, गिंकोचे पान, ती मुख्यतः फ्रेंच आहे. चांदीत ती प्रामुख्याने पदकासारख्या गोल पेंडंटांत, ब्रोचमध्ये आणि पट्ट्याच्या बकलांत दिसते. पदके घडवणाऱ्या शिल्पकारांनीच हे काम केले असल्याने उठावाची नजाकत विलक्षण असते : गालाची वळणे, पापणीची सावली आणि केसांची लाट मिळून एका मिलिमीटरहून कमी जाडीत सामावतात. फ्रेदेरिक व्हेर्नोंची पेंडंटे या प्रकारचा चांगला नमुना आहेत.

निर्णयाच्या दृष्टीने मात्र दोन अडचणी आहेत. पॅरिसमध्ये लहान चांदीच्या वस्तूंवर रानडुकराचे मुंडके उमटवले जाई आणि हा शिक्का १८३८ पासून १९६२ पर्यंत बदलला नाही. प्रांतांत त्याच कामासाठी खेकडा होता. म्हणजे रानडुक्कर पाहून चांदी किमान ८०० कसाची आहे एवढे कळते, पण नग १९०२ चा की १९५० चा हे कळत नाही. हंसाची खूण असेल तर तो नग मुळात कोठला हे निश्चित नसताना १८९३ नंतर फ्रान्समध्ये तपासला गेला, एवढाच त्याचा अर्थ. दुसरी अडचण अशी की पदकाचा ठसा शिल्लक असेल तर त्यातून पुढे कधीही नवे नग पाडता येतात. कारखानदाराची खूण समभुज चौकटीत असते. ती वाचून त्या घराण्याचा कार्यकाळ शोधणे हाच काय तो मार्ग उरतो, आणि झिजलेल्या नगावर ती बहुधा वाचता येत नाही. म्हणून पॅरिसचा दागिना मी डोळ्यांना आवडला म्हणून घ्यायला सांगेन, पण पहिली खरेदी म्हणून नाही.

नेवार्क

न्यू जर्सीतील नेवार्क हे त्या काळी अमेरिकेचे दागिने-गाव होते. आज त्याच राज्यात मोठ्या संख्येने मराठी कुटुंबे राहतात, त्यामुळे हा माल त्यांच्या शनिवार-रविवारच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात सहज नजरेस पडण्याजोगा आहे. उंगर ब्रदर्स आणि विल्यम बी. कर ही दोन नावे लक्षात ठेवावीत. दोघांचेही काम ठशाचे : पोलादी ठशावर चांदीचा पातळ पत्रा दाबून उठाव काढायचा आणि अनेकदा मागे दुसरा पत्रा डाकून पोकळ नग तयार करायचा. विषय मात्र थेट पॅरिसचे : पाण्यातून वर येणारी स्त्री, कमळे, केसांच्या लाटा. उंगरची एकमेकांत गुंतलेली आद्याक्षरे आणि ‘स्टर्लिंग’ किंवा ९२५ अशी खूण ओळखायला सोपी आहे. शैली उसनी असली तरी त्यांच्या ठशांची खोली आणि धार दाद देण्याजोगी आहे, आणि फ्रेंच पदकाच्या संयमापेक्षा त्यांचा भरघोसपणा काहींना अधिक रुचेल.

नकलांचा धोका मात्र येथे सर्वात मोठा आहे. जुन्या नगावरून साचा घेऊन ओतलेले ब्रोच सर्वत्र आढळतात आणि काहींवर जुना शिक्काही ओतून आलेला असतो. भिंगातून पाहिल्यास फरक कळतो. ठशाच्या नगात केसांची प्रत्येक रेघ कोरल्यासारखी स्पष्ट असते आणि पाठ उघडी असेल तर पुढच्या उठावाचा पोकळ आरसा मागे दिसतो. ओतीव नकलेत रेघा मऊ होतात, खाचांत बारीक छिद्रे दिसतात, पाठ जाड आणि सपाट असते, आणि थंड होताना चांदी आकसत असल्याने नग मूळापेक्षा किंचित लहान भरतो. शिक्काही ठोकल्यासारखा खोल आणि तीक्ष्ण न दिसता बुळबुळीत दिसतो. हातात घेतल्यावर नक्कल अनपेक्षितपणे जड लागते. वजनाला मोल देण्याच्या आपल्या सवयीमुळे नेमकी तीच अधिक ‘भरीव’ वाटण्याचा संभव आहे.

कोपनहेगन

गेऑर्ग येन्सन (१८६६–१९३५) याने मोगेन्स बालिनच्या कार्यशाळेत काम केल्यानंतर १९०४ मध्ये कोपनहेगनच्या ब्रेडगेड रस्त्यावर स्वतःची कार्यशाळा काढली. मूळचा शिल्पकार असल्याने त्याची पाने, कळ्या, द्राक्षे आणि पक्षी मांसल आहेत; पत्रा जाड आहे; अंबर, मूनस्टोन, लॅब्राडोराइट आणि हिरवा अकीक हे खडे उंच, गोलसर घडवून बसवलेले आहेत. या शैलीला डेन्मार्कमध्ये ‘स्कोनव्हिर्के’ म्हणतात. रोज घालण्यासाठी मला हे दागिने सर्वांत योग्य वाटतात, कारण बहुतेकांवर मीना नाही, कोंदण मजबूत आहे आणि धक्का सहन करण्याइतकी चांदी आहे.

सुरुवातीच्या येन्सन नगांवर ८२६ किंवा ८३० हा कस आढळतो. ९२५ पुढच्या काळात रूढ झाला. ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी, कारण आपल्या सवयीने जास्त कस म्हणजे जास्त चांगला दागिना असे वाटते आणि येथे कमी कस हाच जुनेपणाच्या बाजूने बोलतो. तीच जुनी रेखने येन्सनच्या पेढीने पुढील दशकांतही घडवली. ठिपक्यांच्या लंबगोलात पूर्ण नाव असलेला शिक्का १९४५ नंतरचा आहे, आणि त्या नगाला जुना म्हणून जादा पैसे देण्याचे कारण नाही, जरी काम उत्तम असले तरी. येन्सनचे नाव परवडत नसेल तर बर्नहार्ड हर्ट्‌झ, एव्हाल्ड निल्सन यांचे काम त्याच वळणाचे आणि कमी किमतीचे आहे.

व्हिएन्नाचा उल्लेख येथे केवळ पूर्णतेसाठी करतो. योझेफ हॉफमान आणि कोलोमान मोझर यांनी १९०३ मध्ये सुरू केलेल्या कार्यशाळेचे चांदीचे दागिने चौकोनांच्या शिस्तीचे आणि अतिशय सुंदर आहेत, पण ते संग्रहालयांच्या आणि मोठ्या लिलावांच्या कक्षेतले आहेत.

मीना : निर्णय येथे ठरतो

पाचांपैकी कोणतेही ठिकाण निवडा, मीना असलेल्या दागिन्यात खरी परीक्षा मीन्याचीच आहे. मीना म्हणजे धातूवर भाजून चिकटवलेली काच. चांदीवर निळे आणि हिरवे पारदर्शक रंग खुलतात, तर तांबडे आणि गुलाबी पारदर्शक रंग चांदीशी संयोग पावून पिवळट-तपकिरी पडू शकतात. ब्रिटिश चांदीकामात निळ्या-हिरव्याची सद्दी का आहे याचे हे एक व्यावहारिक कारण होय. एकदा फुटलेला मीना खऱ्या अर्थाने दुरुस्त करायचा तर नग पुन्हा भट्टीत घालावा लागतो. त्या उष्णतेत खडे तडकतात, जुनी डाक सुटते, म्हणून बहुतेक दुरुस्त्या रंगीत राळेने केलेल्या असतात. ही राळ काचेसारखी लखलखत नाही, तिच्यावर ओरखडे उमटतात, कडेला रंग किंचित धातूवर सांडलेला असतो आणि अतिनील विजेरीच्या प्रकाशात ती बऱ्याचदा मीन्याहून वेगळी चमकते. भिंग आणि अशी विजेरी सोबत ठेवणे हा खर्च नगण्य आहे. ऑनलाइन खरेदीत विक्रेत्याकडून तिरक्या प्रकाशातले छायाचित्र मागावे, कारण समोरून घेतलेल्या छायाचित्रात केसासारखे तडे दिसत नाहीत.

प्लिक-आ-जूर हा पाठ नसलेला मीना, म्हणजे चांदीच्या चौकटीत खिडकीच्या रंगीत काचेसारखा बसवलेला. फोर्त्सहाइमच्या हाइनरिख लेव्हिंगर आणि माइले उंड मायर यांनी चांदीत असे ब्रोच आणि पेंडंटे घडवली. उजेडात धरल्यावर त्यांचे पंख आणि पाकळ्या आतून पेटल्यासारख्या दिसतात. पण आधाराला काही नसल्याने हा मीना सर्वाधिक ठिसूळ आहे, पडला की संपला. आजही अशी नवी फुलपाखरे घडवून जुनी म्हणून विकली जातात. दुकानदाराचे लेखी आश्वासन आणि परत घेण्याची अट यांशिवाय हा प्रकार विकत घेऊ नये.

आणखी एक खूण पाठीकडे पाहून कळते. या काळातील ब्रोचच्या टाचणीला बहुधा साधा इंग्रजी ‘सी’च्या आकाराचा हूक असतो, कुलूप नसते. फिरणारे कुलूप दिसले तर नग नंतरचा असेल किंवा हूक बदलला असेल. बदललेला हूक हा दोष असला तरी गंभीर नाही, पण भोवती करडी, ढेकळासारखी शिशाची डाक असेल तर ती चांदी खात जाते आणि काढणे कठीण असते. ब्रिटिश म्हणून दिलेल्या नगावर फक्त ९२५ हा आकडा असेल आणि सिंह, शहर, अक्षर काहीच नसेल, तर त्याला जुना मानण्यापूर्वी थांबावे. त्या काळी ब्रिटनमध्ये कस आकड्याने नव्हे, सिंहाने सांगितला जात असे. थायलंडमध्ये घडलेले मार्कासाइटचे आधुनिक ‘आर्ट नूव्हो’ दागिने याच एकट्या ९२५ सह बाजारात भरपूर आहेत. खड्यांच्या बाबतीत मात्र फार कठोर होऊ नये : जर्मन दागिन्यांतला हिरवा खडा बहुधा रंगवलेला अकीक असतो आणि तो मूळचाच असतो, कारण ईडार-ओबरश्टाइन येथे अकीक रंगवण्याचा धंदा त्या काळी भरभराटीला आला होता.

कोणासाठी काय

साडी नेसणाऱ्या व्यक्तीसाठी ब्रोचपेक्षा पेंडंट बरे. जुन्या ब्रोचची टाचणी जाड असते, पैठणीच्या पदरावर ती कायमचे भोक पाडते आणि कुलूप नसल्याने जडशीळ पदराच्या हालचालीत ब्रोच निसटूही शकतो. जाड सुती किंवा लोकरी कापडावर, कोटाच्या कॉलरवर तो शोभतो आणि टिकतो. पट्ट्याची दोन भागांची बकले आणि टोपीच्या पिना आज फारसे कोणी वापरत नाही, म्हणून त्याच कारखान्याचे तितकेच देखणे काम त्यांत कमी किमतीत मिळते. केवळ रेखनासाठी संग्रह करणाऱ्याने हा कोपरा दुर्लक्षू नये.

पहिला दागिना घेणाऱ्याला मी चेस्टरच्या शिक्क्याचे, निर्दोष मीन्याचे हॉर्नरचे पेंडंट सुचवीन. त्यात वर्ष, गाव आणि कारखाना तिन्ही वाचता येतात, शिक्का पाहण्याची सवय लागते आणि पुढे विकायचे झाले तरी अडत नाही. थोडा जास्त खर्च आणि थोडी तयार नजर असेल तर मीना नसलेला, अकीक जडवलेला फोर्त्सहाइमचा नग घ्यावा. कलावंताची खूण मिळाली तर उत्तम, न मिळाली तरी रेखन बोलते. रोजच्या वापरासाठी डेन्मार्क. पॅरिस आणि नेवार्क यांकडे वळावे ते ठसा आणि ओतीव यांतला फरक हाताला कळू लागल्यावर. लिबर्टीचा नग सर्वात शेवटी घ्यावा आणि तोही तेव्हाच, जेव्हा मीना संपूर्ण शाबूत असेल.

घरी आणल्यावरची काळजी हाही निवडीचाच भाग आहे, विशेषतः मुंबई-कोकणच्या दमट हवेत. चांदी काळवंडते ती हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे, आणि ओलावा त्या क्रियेला वेग देतो. रबर बँड, लोकर आणि वर्तमानपत्राचा कागद यांपासून हे दागिने दूर ठेवावेत. मऊ सुती कापडात गुंडाळून हवाबंद डबीत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवणे पुरेसे असते. घरच्या चांदीला आपण चिंच, रिठे किंवा टूथपेस्ट लावतो, किंवा सणापूर्वी सोनाराकडून उजाळून आणतो. या दागिन्यांना यांतले काहीही करू नये. आम्लाने मीन्याची चकाकी जाते, मोती आणि ओपल खराब होतात, आणि हूबरच्या वळशांमागची किंवा येन्सनच्या पानांच्या खाचांतली जी काळी छटा कारागिराने मुद्दाम ठेवली होती ती धुऊन निघते. ती गेल्यावर रेखनच सपाट दिसू लागते आणि नगाची किंमतही उतरते. डेन्मार्कचे मीनाविरहित नग या बाबतीत सर्वात सोशिक आहेत. लेव्हिंगरचे सर्वात नाजूक.

परदेशातून खरेदी करणाऱ्यांनी, आणि परदेशी राहून असे दागिने घालून घरी येणाऱ्यांनी, पावती जपून ठेवावी. तिच्यावर घराणे, अंदाजे काळ, कस आणि केलेली प्रत्येक दुरुस्ती विक्रेत्याच्या सहीने लिहून घ्यावी. भारतात पुरावस्तू आणि कलासंपत्तीविषयीचा १९७२ चा कायदा आहे. शंभर वर्षांहून जुन्या कलाकारागिरीच्या वस्तू त्याच्या व्याख्येत येऊ शकतात आणि अशा पुरावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. लग्नकार्यासाठी आणलेला १९०५ चा ब्रोच परत नेताना विमानतळावर प्रश्न उपस्थित होऊ नये यासाठी तो बाहेरून आणला असल्याचा पुरावा जवळ असावा, आणि शंका असेल तर प्रवासापूर्वीच भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे किंवा सीमाशुल्क कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी.